सुई न टोचता शुगर मोजणारं घड्याळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या डाव्या हाताच्या तीन बोटांच्या कडा घट्टे पडून खरखरीत झाल्या आहेत. मधुमेहामुळे रक्तातली साखर मोजायला रोज चार-पाच वेळा टोचून घेतलं की होतंच असं. त्यामुळे ‘आता टोचायची गरज नाही’ अशी जाहिरात दिसली की मीही थांबून वाचतो. नात्यातले आणि ओळखीतले लोक त्या जाहिराती मला पाठवतात आणि त्यासोबत तेच ते प्रश्न विचारतात. एकदाच सगळं लिहून ठेवावं म्हणून हे पान. शुगरचे आकडे सगळीकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहेत, म्हणजे बोट टोचून रक्त तपासणाऱ्या घरच्या मीटरवर बहुतेकांना दिसतात तेच.

असं घड्याळ किंवा अंगठी आज मिळते का?

विकायला ढीगभर आहेत, पण खरोखर शुगर मोजणारं त्यात एकही नाही. २१ फेब्रुवारी २०२४ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं, म्हणजे एफडीएनं, याबद्दल जाहीर इशारा दिला. त्वचेला न टोचता स्वतःच्या बळावर रक्तातली साखर मोजणाऱ्या कुठल्याही स्मार्टवॉचला किंवा स्मार्ट अंगठीला आम्ही मंजुरी दिलेली नाही, कंपनी कोणतीही असली तरी अशी उपकरणं या कामासाठी वापरू नका, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. मी हे लिहीपर्यंत त्यात काही बदललेलं नाही.

पण आमच्या एका ओळखीच्यांच्या घड्याळावर शुगर दिसते, ती कशी?

याची तीन उत्तरं असू शकतात.

पहिलं, त्यांच्या दंडावर किंवा पोटावर सेन्सरचा पॅच असेल. शुगर तो पॅच मोजतो आणि घड्याळ फक्त दाखवतं. डेक्सकॉम कंपनीचा जी७ सेन्सर २०२४ पासून थेट ॲपल वॉचशी बोलतो, मध्ये फोनही लागत नाही. बाही लांब असेल तर पॅच दिसत नाही आणि बघणाऱ्याला वाटतं, मनगटावरच मोजलं जातंय.

दुसरं, ते मीटरवरचा आकडा स्वतः ॲपमध्ये भरत असतील.

तिसऱ्याचा किस्सा सांगतो. एका नातेवाइकांनी ऑनलाइन घेतलेलं असं घड्याळ मी हातात घेतलं. त्यांचं जेवण होऊन दीड तास झाला होता. घड्याळ म्हणालं ११२, मीटरवर आले २०७. मग आम्ही ते घड्याळ काढून गुंडाळलेल्या टॉवेलवर बांधलं आणि बटण दाबलं. मागचा हिरवा दिवा लुकलुकला, स्क्रीनवर गोल फिरलं आणि अर्ध्या मिनिटात टॉवेलची शुगर आली: १०६. टॉवेलची तब्येत उत्तम होती.

असल्या घड्याळांत बहुधा वेळ, वय, नाडी आणि थोडासा मनमानी चढ-उतार यांतून एक ‘नॉर्मल’ दिसणारा आकडा तयार केला जातो. ज्याची शुगर खरंच नॉर्मल आहे त्याला तो पटतोही. जाहिरातीखालच्या ‘माझ्या मीटरशी तंतोतंत जुळलं’ अशा अभिप्रायांमागे हेच असावं, असा माझा कयास आहे.

घड्याळ नाडी मोजतं, ऑक्सिजनही मोजतं. मग साखरेशीच वैर का?

हा खरा प्रश्न, म्हणून इथे जरा वेळ घेतो.

ऑक्सिजन मोजताना घड्याळ हिमोग्लोबिनचा रंग बघतं. ऑक्सिजन असलेलं हिमोग्लोबिन लालभडक असतं, नसलेलं काळपट. साधारण ६६० नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल आणि ९४० नॅनोमीटरचा अवरक्त, असे दोन प्रकाश टाकले की दोघांचं प्रमाण काढता येतं. शिवाय हिमोग्लोबिन भरपूर असतं, लिटरभर रक्तात साधारण १३० ते १५० ग्रॅम.

आता साखर बघा. शुगर १०० आहे म्हणजे लिटरभर रक्तात एक ग्रॅम. अंगातल्या पाचेक लिटर रक्तात मिळून पाच ग्रॅम, एक चमचा. तीही पाण्यात विरघळलेली आणि रंगहीन. साखरेचं पाणी आणि साधं पाणी शेजारी ठेवा, डोळ्याला फरक कळत नाही. घड्याळाच्या हिरव्या दिव्यालाही कळत नाही. तो दिवा प्रत्येक ठोक्याला रक्त किती फुगतं-ओसरतं तेवढंच बघतो.

डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात मात्र साखरेची खूण उमटते. १६०० नॅनोमीटरच्या आसपास आणि पुढे २१०० ते २३०० च्या पट्ट्यात ग्लुकोज, म्हणजे रक्तातली साखर, थोडा प्रकाश शोषतं. अडचण अशी की त्याच भागात पाणी कितीतरी जास्त शोषतं, आणि आपण बहुतांशी पाणीच आहोत. चरबी आणि प्रथिनंही तिथेच घुटमळतात. त्वचेचं तापमान एखाद्या अंशानं बदललं, पट्टा थोडा घट्ट झाला, घाम आला, तर पाण्यामुळे सिग्नल जितका हलतो त्यापुढे शुगर १०० वरून १२० होण्याचा परिणाम किरकोळ ठरतो. भर वरातीत शेजारचा माणूस काय पुटपुटतोय ते ऐकण्यातला प्रकार. तो बोलतोय हे नक्की, पण बँड बंद होत नाही.

शिवाय प्रकाश त्वचेत शिरतो तेव्हा त्याला सगळ्यात आधी रक्त भेटत नाही. आधी मृत पेशींचा थर लागतो, मग जिवंत त्वचा, त्यातलं पेशींच्या मधलं पाणी, आणि मग बारीक केशवाहिन्या. परत येणारा प्रकाश नेमका कुठून आला हे ठरवणं हेसुद्धा एक वेगळं कामच आहे.

मग शास्त्रज्ञ कोणत्या वाटेनं चाललेत?

वाटा बऱ्याच आहेत. जवळच्या अवरक्त प्रकाशाची वर सांगितली. दुसरी मध्य-अवरक्ताची. तिथे ग्लुकोजची खूण जास्त ठळक असते, पण प्रकाश त्वचेत फार आत जात नाही. मग काही जण लेझरचे ठोके देऊन त्वचेत उठणारी सूक्ष्म उष्णता किंवा ध्वनिलहर मोजतात. कुणी रेडिओलहरी वापरतं. कुणी घाम तपासतं, पण घामातली साखर रक्तातल्याच्या मानानं अगदीच नगण्य असते आणि त्वचेला आधीच लागलेल्या साखरेनंही ती मोजणी बिघडते.

मला स्वतःला सगळ्यात आशा वाटते ती रामन परिणामाच्या वाटेची. सी. व्ही. रामन यांनी १९२८ मध्ये दाखवलं की पदार्थावर आदळून विखुरणाऱ्या प्रकाशातला अगदी थोडा अंश रंग बदलून परततो, आणि हा बदल त्या रेणूच्या कंपनांवर ठरतो. थोडक्यात, प्रत्येक रेणूचा अंगठ्याचा ठसा. ग्लुकोजचा ठसा त्याच्या एकट्याचाच असतो, त्यामुळे दुसऱ्या कशाला ग्लुकोज समजण्याची शक्यता कमी होते. पण असा प्रकाशकण साधारण कोटीमागे एखादाच सापडतो. २०२० मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या आणि सॅमसंगच्या संशोधकांनी जिवंत डुकरांच्या कानावर लेझर टाकून ग्लुकोजचा हा ठसा त्वचेतून थेट पकडून दाखवला. मोठी गोष्ट होती ती, कारण तोवर बरेच जण आकडेमोडीतून अप्रत्यक्ष निष्कर्ष काढत होते. मात्र ती जुळणी टेबलावरची होती. तिथून बटणाएवढ्या बॅटरीवर चालणाऱ्या घड्याळापर्यंत यायचं आहे.

यापूर्वी कुणी करून पाहिलंच नव्हतं का?

पाहिलं होतं, आणि ते विकलंही होतं. नव्या जाहिराती हा इतिहास सांगत नाहीत.

२००१ मध्ये एफडीएनं ‘ग्लुकोवॉच बायोग्राफर’ला मंजुरी दिली. सिग्नस कंपनीचं हे खरोखरीचं मनगटी घड्याळ. ते त्वचेतून बारीकसा विद्युतप्रवाह सोडायचं, त्याबरोबर पेशींमधल्या पाण्यातलं ग्लुकोज वर ओढलं जायचं आणि मागच्या चकतीत मोजलं जायचं. सुई नव्हती. पण लावल्यावर दोन-तीन तास थांबायचं, मग बोट टोचून घड्याळाला खरा आकडा सांगायचा, तेव्हा ते सुरू व्हायचं. चकती बारा-तेरा तासांत संपायची. घाम आला की आकडे गाळायचं. आणि जिथे बांधलं तिथे त्वचा लाल होऊन खाजायची. मुलांवर केलेल्या अभ्यासात दिसलं की सुरुवातीचा उत्साह ओसरला की मुलं ते बांधेनाशी होतात. २००७ मध्ये विक्री थांबली. टोचणं टाळायला आणलेल्या घड्याळासाठी रोज टोचावं लागत होतं.

युरोपात २००३ मध्ये ‘पेंड्रा’ नावाचं घड्याळ मान्यता मिळवून आलं. ते रेडिओलहरींनी त्वचेचा विद्युत अवरोध मोजायचं. नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी २००५ मध्ये मोजक्या रुग्णांवरची तपासणी प्रसिद्ध केली, तेव्हा सरासरी चूक निघाली ५२ टक्के. काही आकडे तर इतके उलटे होते की ‘कमी’च्या जागी ‘जास्त’चा उपचार झाला असता. म्हणून मान्यतेचा शिक्का दिसला तरी मी आता विचारतो: शिक्का कोणता आणि कशासाठी?

मग २०१४ च्या जानेवारीत गूगलनं अश्रूंतली साखर मोजणारी कॉन्टॅक्ट लेन्स जाहीर केली. फोटो जगभर फिरले. नोव्हेंबर २०१८ मध्ये व्हेरिली या त्यांच्याच भावंड-कंपनीनं काम थांबवलं. अश्रूंतल्या आणि रक्तातल्या साखरेचा भरवशाचा मेळ बसत नव्हता.

‘चाचणीत ९० टक्क्यांहून जास्त जुळलं’ असं कंपनी म्हणते. यात काय खोट असू शकते?

खोट मुद्दाम असेल असं नाही. पुष्कळदा संशोधक स्वतःच फसतात.

नेहमीची चाचणी अशी: माणसाला ग्लुकोजचं पाणी पाजायचं आणि दोन-तीन तास खुर्चीत बसवून मोजायचं. या वेळात शुगर चढते आणि उतरते. पण त्याच वेळात पट्ट्याखालची त्वचा गरम होते, पचनानं रक्ताभिसरण बदलतं, यंत्राचा दिवाही तापतो. हळूहळू बदलणाऱ्या कुठल्याही गोष्टीचा शुगरच्या रेषेशी मेळ घालता येतो. संगणकाला पुरेशा तरंगलांबी दिल्या की तो मेळ शोधतोच.

हे किती सहज होतं ते रसायनशास्त्रज्ञ मार्क अरनॉल्ड आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवून दिलं. त्यांनी त्वचेची नक्कल करणारे नमुने घेतले. त्यांत ग्लुकोज अजिबात घातलं नव्हतं. नमुन्यांच्या मोजमापांना शुगरचे आकडे नुसते जोडून दिले आणि नेहमीची गणिती पद्धत चालवली. तरीही ‘ग्लुकोज मोजणारं’ मॉडेल तयार झालं, दिसायला चांगलं! हा निबंध या क्षेत्रातल्या प्रत्येक गुंतवणूकदाराच्या टेबलावर असायला हवा.

आणखी एक गंमत. चाचणीतले बहुतेक लोक निरोगी असतील आणि त्यांची शुगर ८० ते १३० मध्ये असेल, तर कायम १०५ म्हणणारं घड्याळही ‘सरासरी चूक किती टक्के’ या हिशेबात झकास दिसतं. तेव्हा टक्केवारीआधी विचारा: किती जणांना मधुमेह होता, ७० च्या खालचे आणि २५० च्या वरचे किती आकडे होते, आणि लोक खुर्चीतून उठून चालले-फिरले होते का?

थोडंफार इकडेतिकडे झालं तर काय बिघडतं?

इन्सुलिन घेत नसाल तर लगेच फारसं नाही. घेत असाल तर जिवावर बेतू शकतं.

घरच्या मीटरसाठी आयएसओ १५१९७ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. २०१३ च्या आवृत्तीप्रमाणे ९५ टक्के आकडे प्रयोगशाळेच्या आकड्याच्या जवळ पडले पाहिजेत. शुगर १०० च्या खाली असेल तर १५ अंकांच्या आत, १०० किंवा जास्त असेल तर १५ टक्क्यांच्या आत. म्हणजे खरी २०० असताना १७० ते २३० पर्यंतचा आकडा मीटरलाही माफ आहे. पण खरी ६२ असताना घड्याळानं १४० दाखवले आणि माणसानं जेवणाआधीचं इन्सुलिन भरपूर घेतलं, तर तासाभरात हातपाय कापतात, घाम फुटतो, बोलणं असंबद्ध होतं. ७० च्या खाली शुगर ‘लो’ धरतात, ५४ च्या खाली गंभीर.

माझं म्हणणं एवढंच आहे: शुगर नेहमीसारखी वागत असते तेव्हा मला मीटर लागतच नाही, आकडा मी तोंडी सांगू शकतो. ती नेहमीसारखी वागत नाही तेव्हाच मीटर लागतो. नाडी, झोप, पावलं आणि जेवणाची वेळ यांवरून अंदाज बांधणारं घड्याळ नेमकं तेव्हाच चुकणार, कारण ते ‘नेहमीसारखं’ हेच शिकलेलं असतं.

पॅचवाल्या सेन्सरमध्ये सुई असते ना?

लावताना असते, नंतर नसते. स्प्रिंगनं सुई आत जाते, साधारण पाच मिलिमीटरचा केसासारखा लवचीक तंतू त्वचेखाली ठेवते आणि लगेच बाहेर येते. त्या तंतूवर ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. ग्लुकोजशी त्याची अभिक्रिया झाली की बारीक प्रवाह निर्माण होतो आणि त्यावरून आकडा निघतो. या कल्पनेचं मूळ १९६२ मध्ये लेलँड क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी मांडलेल्या इलेक्ट्रोडमध्ये आहे. अशी सलग मोजणी करणारं पहिलं उपकरण १९९९ मध्ये आलं. तेव्हा आकडे रुग्णाला दिसायचेच नाहीत, तीन दिवसांनी डॉक्टर उतरवून घ्यायचे. आज एक पॅच दहा ते पंधरा दिवस चालतो, दर काही मिनिटांनी आकडा देतो, आणि चांगल्या सेन्सरची सरासरी चूक ८-९ टक्क्यांच्या आसपास असते. मार्च २०२४ मध्ये एफडीएनं ‘स्टेलो’ हा पॅच डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी दिली, पण इन्सुलिन न घेणाऱ्यांसाठी.

म्हणजे रोज चार-पाच टोचण्यांवरून पंधरवड्याला एकीवर आपण येऊन पोचलोय. सुई संपली नसली तरी बरीच मागे पडली आहे, आणि याचं कौतुक कमी होतं असं मला वाटतं.

पॅच १४० म्हणतो, मीटर ११०. खरं कोण?

बहुधा दोघंही. मीटर रक्त मोजतो, पॅच पेशींमधलं पाणी. साखर रक्तातून तिथे पोचायला पाच ते पंधरा मिनिटं लागतात. शुगर भराभर उतरत असेल तर पॅच मागचा, जास्तीचा आकडा दाखवतो. रात्री पॅचवर झोपलात तर दाबानं खोटी ‘लो’ही दाखवतो. पॅचवरचा आकडा आणि अंगाला जाणवणारी लक्षणं जुळत नसतील तर बोट टोचून बघा. त्वचेतून बघणारं उद्याचं घड्याळही बरचसं हेच पाणी बघणार आहे, त्यामुळे हा उशीर त्यालाही सुटणार नाही.

सावळ्या त्वचेवर हे चालेल का?

दाखवून द्यावं लागेल. २०२० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या अभ्यासात, बोटावरच्या ऑक्सिमीटरनं कृष्णवर्णीय रुग्णांमधली ऑक्सिजनची कमतरता गोऱ्या रुग्णांच्या तुलनेत जवळपास तिप्पट वेळा नजरेआड केली होती. तेही कित्येक दशकं रुग्णालयांत वापरलेलं तंत्र. गडद त्वचा, गोंदण, दाट केस, थंड हात हे सगळं चाचणीत आलेलं असलं पाहिजे.

ॲपलसारखी कंपनी मागे लागली आहे म्हणजे लवकरच येईल ना?

ॲपलचं काम स्टीव्ह जॉब्स यांच्या काळापासून चालू असल्याच्या बातम्या आहेत. २०२३ च्या बातम्यांप्रमाणे त्यांचा नमुना आयफोनएवढा होता आणि दंडावर बांधावा लागत होता. तो मनगटावर मावण्याजोगा व्हायचा आहे. ‘आणखी पाच वर्षांत’ हे वाक्य मी ग्लुकोवॉचच्या दिवसांपासून ऐकतोय. त्यामुळे साल सांगत नाही.

क्रम मात्र सांगतो. आधी आकडा न देता ‘तुमची शुगर वाढत्या बाजूला दिसते, तपासून घ्या’ एवढंच सांगणारं काहीतरी येईल. मधुमेह आहे हेच ठाऊक नसलेल्या लोकांसाठी ते मोलाचं ठरेल. इन्सुलिनचा डोस ज्यावर ठरवता येईल असा आकडा सगळ्यात शेवटी येईल.

घड्याळ आलं तर एचबीए१सी ही रक्ताची तपासणी करायला नको ना?

करावी लागेलच. ती मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगते, आणि त्या निमित्तानं मूत्रपिंड आणि कोलेस्टेरॉलच्या तपासण्याही होतात.

तोवर बोट कमी दुखावं म्हणून काय करू?

बोटाच्या पोटावर टोचू नका, कडेला टोचा. तिथे मज्जातंतू कमी असतात. आधी कोमट पाण्यानं हात धुऊन नीट कोरडे करा. रक्त सहज येतं आणि आकडाही खरा येतो. फळ सोलल्यावर तसंच टोचलं तर बोटावरची साखर मिसळून मीटर भलताच आकडा दाखवतो. मी एकदा असाच २८० बघून घाबरलो होतो. हात धुतल्यावर १३४ आले. लॅन्सेट, म्हणजे टोचायची बारीक सुई, दर वेळी नवी घ्या, बोथट सुईच जास्त दुखते. टोचायच्या पेनवरची खोली सगळ्यात कमी आकड्यापासून सुरू करा आणि बोटं पाळीपाळीनं वापरा.

मी असं घड्याळ आधीच घेऊन बसलोय. आता?

परत करता येत असेल तर करा. नसेल तर वेळ, पावलं आणि अलार्म यांसाठी खुशाल वापरा. पण सेटिंगमध्ये जाऊन शुगरचं पान स्क्रीनवरून काढून टाका, विशेषतः घरात इन्सुलिन घेणारं कुणी असेल तर. ‘हे खोटं आहे’ हे माहीत असूनही रात्री अडीच वाजता, अंग घामानं भिजलेलं असताना, उशाशी चमकणारा १०८ वाचून माणूस परत झोपतो.